आबाजींची फौज आणि आबाजींचं सुतारकाम: स्मरणपुस्तिका कोणत्या क्रमाने करावी

घरातले आजोबा गेले की तेरवी होते न होते तोच कामांची लाट येते. खोली रिकामी करा, लोखंडी पेटी उघडा, कपडे देऊन टाका, एखादा फोटो मोठा करून घ्या आणि ‘आबाजींवर काहीतरी लिहा’. या घाईत क्रम उलटा होतो. आधी आवराआवर, मग वाटप, मग घासूनपुसून पॉलिश, आणि हातात काहीच उरलेलं नसताना सगळ्यात शेवटी कोणीतरी लिहायला बसतं. मग लेखात ‘प्रेमळ’, ‘शिस्तप्रिय’ आणि ‘कष्टाळू’ हे तीन शब्द येतात. नाव बदललं तर तो लेख शेजारच्या आजोबांनाही चालतो.

आजोबा फौजी असतील आणि निवृत्तीनंतर लाकडाचं काम करणारे असतील, तर नुकसान दुप्पट होतं. त्यांचं अर्धं आयुष्य रद्दीसारख्या दिसणाऱ्या कागदांत असतं आणि अर्धं भंगारासारख्या दिसणाऱ्या लोखंडात. नागपुरात ओळखीच्या घरांना अशी पुस्तिका करायला मदत करताना चुका त्याच त्याच दिसतात, म्हणून हा क्रम लिहून काढतो आहे. मुदत वर्षश्राद्धाची ठेवा. त्याआधी छापायचा आग्रह धरू नका.

१. आधी फोटो, नंतर हात लावा

खोलीतली एकही वस्तू हलवण्याआधी फोटो काढा. दारातून एक, प्रत्येक भिंतीचा एक, मग फळी, खिडकी, खुंटी, कामाचं बाक. फ्लॅश नको, सकाळी खिडकीचा उजेड पुरतो. हत्यारं जिथे ठेवलेली आहेत तिथेच टिपा. कोणती पटाशी हाताशी होती आणि कोणती कोपऱ्यात पडून होती, हे फक्त याच फोटोंतून कळतं. एकदा सगळं गोणीत भरलं की ती माहिती गेली.

माझ्या आबाजींचं बाक उत्तरेच्या खिडकीखाली होतं. डाव्या हाताला करवती टांगलेल्या, उजव्या हाताला रंधे, आणि सगळे रंधे एका कुशीवर आडवे ठेवलेले. पातं खाली टेकलं तर धार जाते. नातवंडांपैकी कोणी रंधा सरळ ठेवला की ‘काहून बे, आडवा ठेव ना’ असा आवाज यायचा. फोटोत ते आडवे रंधे आहेत म्हणून पुस्तिकेत ते वाक्य आलं.

सावधान: या पंधरवड्यात भंगारवाल्याला घरात येऊ देऊ नका. ‘जुनं लोखंड किलोवर’ म्हणून पटाश्यांची जुडी देऊन टाकलेली मी पाहिली आहे.

सावधान: काळ्या फौजी पेटीला रंग देऊ नका. पेटीवर पांढऱ्या अक्षरांत नंबर, रँक, नाव आणि बऱ्याचदा युनिटही लिहिलेलं असतं. बदली झाली की जुन्यावर नवीन लिहिलं जातं. पेटी तिरक्या उजेडात धरली तर खालची अक्षरंही थोडीफार वाचता येतात. एका घरात तेरवीपूर्वीच पेटी आकाशी रंगाने रंगवून पलंगाखाली ढकलली होती. त्या अक्षरांची भरपाई पुढे कशानेच झाली नाही.

२. फौजेचे कागद वेगळे काढा आणि मूळ प्रत आजीकडे ठेवा

डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), पेन्शनचा पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, माजी सैनिक ओळखपत्र, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ईसीएचएस कार्ड, जुनी पत्रं, पासबुकं, गटाचे फोटो. यातला बराचसा भाग स्मरणासाठी नाही, आजीच्या हक्कासाठी लागतो. कुटुंब निवृत्तिवेतन, नावातली दुरुस्ती, विधवा ओळखपत्र, या प्रत्येक ठिकाणी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ मागतात. म्हणून आधी मृत्यू दाखल्याच्या पुरेशा प्रती काढा, पेन्शन जिथून येते तिथे कळवा, रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या माणसांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) कळवा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. हे झाल्यावर पुस्तिकेकडे वळा. पुस्तिकेच्या नादात मूळ डिस्चार्ज बुक पुतण्याच्या पिशवीत गेलं आणि आजी कार्यालयाच्या बाकावर बसून राहिली, असं होता कामा नये.

कागद लॅमिनेट करू नका. सेलोटेप लावू नका. टाचण्या आणि स्टेपल गंजलेले असतील तर ओढून न काढता मागचे पाय आधी सरळ करा. फोटो अल्बमला चिकटले असतील तर उपटू नका, अल्बमसकट स्कॅन करा. कागदांसाठी ३०० डीपीआय पुरतं, पासपोर्ट आकाराच्या जुन्या फोटोंना ६०० ठेवा. फोटोच्या मागे काय लिहिलं आहे तेही स्कॅन करायचं, कारण गावाचं नाव आणि साल बऱ्याचदा तिथेच असतं. तुम्हाला मागे काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला लिहा. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतो.

आता डिस्चार्ज बुक नीट वाचा. आर्मी नंबर, भरतीची तारीख आणि जागा, ट्रेड, पदकं, सेवेचा काळ, चारित्र्याचा शेरा, उंची, अंगावरची खूण. ‘ट्रेड’, म्हणजे फौजेत नेमून दिलेलं काम, हा रकाना सुतारकाम करणाऱ्या आजोबांच्या बाबतीत फार महत्त्वाचा. घरात सगळे समजतात की लाकडाची कला आबाजी गावाहून घेऊन आले. पुष्कळदा ती फौजेने शिकवलेली असते. माझ्या आबाजींच्या पुस्तकात सॅपर (इंजिनिअर्समधला शिपाई) या रँकपुढे सुताराचा ट्रेड लिहिलेला होता. पुस्तिकेचा अर्धा आराखडा त्या एका ओळीने बदलला.

तपासा: रँक युनिटप्रमाणे बदलतो. इन्फन्ट्रीत शिपाई, इंजिनिअर्समध्ये सॅपर, तोफखान्यात गनर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमईत क्राफ्ट्समन, गार्ड्समध्ये गार्ड्समन. सगळ्यांना ‘जवान’ म्हणून मोकळे होऊ नका. १९६५ पूर्वीच्या कागदावर ‘जमादार’ दिसलं तर तो जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा, रँक आहे, ज्याला पुढे नायब सुभेदार म्हणू लागले. हा रँक वगळून टाकणारी घरं आहेत, कारण वाचणाऱ्याला त्या शब्दाने भलतंच काही वाटतं.

तपासा: नागपूरकरांची एक हमखास चूक म्हणजे ‘कामठीला होते, म्हणजे गार्ड्समध्येच’. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे हे खरं, पण कामठी ही छावणी आहे आणि तिथे इतर युनिट्सचेही लोक राहिले आहेत. युनिट कागदावरून ठरवा. जुनी नोंद मागायची तर पत्रही त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, ईएमईचं सिकंदराबादला. पत्रात नंबर, रँक, नाव, डिस्चार्जची तारीख आणि तुमचं नातं लिहा, नात्याचा पुरावा जोडा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून हे पत्र पहिल्या महिन्यातच टाका.

जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, फौजेच्या कागदावर दुसरी, असंही निघेल. कागदावर हाताने काही दुरुस्त करू नका. पुस्तिकेत फौजेची तारीख घ्या आणि खाली एका ओळीत दुसरी नोंदवा.

३. पदकं: घासू नका, वाचा

ब्रासो, म्हणजे पितळ चकाकवायचं पॉलिश, बाजूला ठेवा. पदकाच्या कडेवर, म्हणजे जाडीच्या भागावर, नंबर आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. चमक आणण्याच्या नादात ते झिजतं. फीत मळकी असली तरी बदलू नका. प्रत्येक पदकाचे तीन फोटो काढा: पुढून, मागून आणि कडेचा. कडेचा फोटो काढताना पदक हळूहळू फिरवा, कारण अक्षरं एका फ्रेममध्ये मावत नाहीत.

मग पदकावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही ते ठरवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. १९७१ चं संग्राम मेडल पेटीत सापडलं की लेखात ‘बांगलादेशच्या मुक्तीसाठी लढले’ असं वाक्य येतं. संग्राम मेडल त्या काळात फार मोठ्या संख्येने दिलं गेलं आणि त्यावरून आघाडी ठरत नाही. पूर्वेकडच्या कारवाईसाठी पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडच्या कारवाईसाठी पश्चिमी स्टार होतं. पेटीत फक्त पश्चिमी स्टार असेल तर आबाजी ढाक्याच्या बाजूला नव्हते, पंजाब-राजस्थान-काश्मीरच्या बाजूला होते. १९६५ चंही तसंच: समर सेवा स्टार म्हणजे प्रत्यक्ष कारवाईच्या क्षेत्रातली सेवा, रक्षा मेडल त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना मिळालं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी नोकरीत असलेल्यांना मिळालं. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर धातूची आडवी पट्टी असेल तर तिच्यावरचं नाव वाचा, तो प्रदेश सांगतो.

आघाडीवर न गेलेल्या माणसाला आघाडीवर नेऊन बसवणं हा त्याचा मान नव्हे. पूल बांधणाऱ्या, गाड्या दुरुस्त करणाऱ्या, रसद पोचवणाऱ्या माणसाने जे केलं तेच लिहा. फौजेतला कोणी वाचक ती पुस्तिका उघडेल तेव्हा त्याला पहिल्या पानावर खोट दिसू नये.

४. हत्यारं: यादी आधी, तेल नंतर

एका जुन्या चादरीवर हत्यारं मांडा, शेजारी फूटपट्टी ठेवा आणि एकेकाचा फोटो घ्या. वहीत नाव, लांबी, मुठीचं लाकूड, कोरलेली खूण. करवत, रंधा, पटाशी, वाकस, गुण्या, खतकस, गिरमिट, कानस, मोगरी, ओळंबा. नाव माहीत नसेल तर गूगलवर शोधत बसू नका, गल्लीतल्या म्हाताऱ्या सुताराला बोलवा, चहा द्या आणि हत्यार त्याच्या हातात द्या. हे कशासाठी, हे घरी बनवलेलं की विकतचं, मूठ कधी बदलली, हे तो धरल्या धरल्या सांगतो. आबाजी डावखुरे होते की उजवे, हेही झिजेवरून कळतं.

मुठीवर तळहाताने पडलेली चकाकी म्हणजे अनेक वर्षांचा दस्तऐवज आहे. तिला सँडपेपर लावू नका, वॉर्निश मारू नका. पात्यावर हलका गंज असेल तर कापडावर मशीनचं तेल घेऊन पुसा, बस. ग्राइंडरवर धार काढून आणू नका. लाकडी रंध्याला पाणी लावू नका.

सावधान: भुंगा लागलेलं लाकूड बाकीच्या सामानात ठेवलं तर सगळ्यालाच लागतं. बारीक छिद्रं दिसली तर ती वस्तू काळ्या कागदावर आठवडाभर वेगळी ठेवा. कागदावर ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, उपाय केल्याशिवाय आत घेऊ नका.

वाटणी याच टप्प्यावर करा, पण यादीवर सही घेऊन. कोणाकडे काय गेलं ते वहीत लिहा. माझं मत स्पष्ट आहे: दोन-चार हत्यारं आठवण म्हणून घरात ठेवा आणि चांगल्या स्थितीतली बाकीची हाताने काम करणाऱ्या एखाद्या कारागिराला द्या. काचेच्या कपाटात पंधरा पटाश्या ठेवण्यापेक्षा एक पटाशी रोज वापरात असणं आबाजींना जास्त आवडलं असतं.

५. त्यांच्या हातच्या वस्तू शोधायला निघा

बहुतेक घरं हा टप्पा गाळतात. घरातला देव्हारा आणि पाट लिहिले की झालं असं वाटतं. खरं काम घराबाहेर पसरलेलं असतं: आत्याच्या सासरी दिलेलं कपाट, शेजाऱ्यांचा झोपाळा, शाळेला करून दिलेला फळा, आणि नागपुरात तर तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे मुलांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी. चाकं लावलेला, दोरी बांधलेला नंदी नातवंडांसाठी केलेला असतोच, शिवाय मोहल्ल्यातल्या चार घरांतही गेलेला असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात फिरा आणि प्रत्येक जुन्या नंदीबद्दल विचारा. वर्षातून तो एकच दिवस असा, की सगळे नंदी माळ्यावरून खाली आलेले असतात.

वस्तू सापडली की उलटी करा. सुताराच्या पेन्सिलीच्या खुणा बुडाशी, खणाच्या मागे, फळीच्या आतल्या अंगाला राहतात. मापं, बाण, ‘डावी’, ‘उजवी’, कधी तारीख. आमच्याकडच्या एका नंदीच्या पोटाखाली माझ्या चुलतबहिणीचं नाव आणि ‘चाक ढिलं’ एवढंच लिहिलं होतं. दुरुस्तीला आलेल्या नंदीवर आबाजींनी स्वतःसाठी केलेली ती नोंद होती. दोन शब्द आहेत, पण पुस्तिकेत ते पूर्ण पानावर छापले.

वस्तू आबाजींचीच की विकत आणलेली, हे सांध्यांवरून ओळखा. खणाच्या कोपऱ्यात डोव्हटेल, म्हणजे दातेरी सांधा, हाताने कापलेलं असेल तर दाती थोडी कमीजास्त असतात. खाच आणि कुसू बसवून वर लाकडी खुंटी मारलेली असेल, खिळा नसेल, तर ते काम सावकाश केलेलं आहे. शंका असेल तर पुन्हा त्याच सुताराला विचारा.

तपासा: प्रत्येक वस्तूला ‘अस्सल सागवान’ लिहू नका. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग इथे येत असला तरी घरगुती कामाला बाभूळ, आंबा, कडुनिंब, शिसम, बीजा, जे मिळालं ते वापरलं जायचं. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांचं स्टूल असेल तर तेच लिहा.

सावधान: या वस्तू कूलरच्या झोतात ठेवू नका. उन्हाळ्यात एकीकडे ४५ अंशांची कोरडी हवा आणि दुसरीकडे कूलरचा ओलावा, यात सांधे उकलतात आणि पाट तडकतात.

६. माणसांशी एकेकट्याने बोला

सगळ्यांना एकत्र बसवून ‘आबाजींबद्दल सांगा’ म्हटलं की सर्वात मोठ्या आवाजाचा काका बोलतो आणि आजी गप्प बसते. एका वेळी एक माणूस, पाऊण तास, फोनवर रेकॉर्डिंग, परवानगी विचारून. पंखा बंद, कूलर बंद, टीव्ही बंद.

प्रश्नाऐवजी वस्तू हातात द्या. आजीला ‘ते फौजेत असताना तुम्हाला कसं वाटायचं’ विचारलं तर ‘काय वाटणार, चालायचंच’ एवढंच उत्तर येईल. तिच्या हातात अंतर्देशीय पत्र द्या आणि विचारा: पोस्टमन किती वाजता यायचा, पत्र कोण वाचून दाखवायचं, मनीऑर्डर आल्यावर आधी काय आणायचात? आबाजी रजेवर आले की पहिल्या दिवशी कुठे जायचे? पेन्शनीवर आल्यावर पहिलं लाकूड कुठून आणलं?

सोबतचे फौजी हयात असतील तर त्यांच्याकडे सर्वांत आधी जा. वय थांबत नाही.

बोली बदलू नका. ‘मले म्हणे, तू जाऊन राहिला का’ असं आजी बोलली असेल तर तसंच उतरवा. ‘मला म्हणाले, तू जातो आहेस का’ केलं की आजी त्या पानावरून निघून गेली.

तपासा: दोन माणसं एकच प्रसंग दोन सालांत सांगतील. वाद घालू नका. कागद ज्या सालाला दुजोरा देतो ते मजकुरात घ्या, कागद नसेल तर ‘आत्याच्या आठवणीप्रमाणे’ असं लिहा.

७. आता लिहा

आधी एका पानावर सालवार तक्ता करा: साल, जागा, काय घडलं, पुरावा कोणता. पुराव्याचा रकाना रिकामा असलेल्या ओळी पुस्तिकेत ठाम विधान म्हणून जाणार नाहीत, एवढा एकच नियम ठेवा.

मजकूर ‘यांचा जन्म अमुक साली एका गरीब कुटुंबात झाला’ अशा ओळीने सुरू करू नका. वस्तूंच्या क्रमाने लिहा: पेटी, ट्रेडची ओळ, एक पदक, बाक, एक रंधा, देव्हारा, नंदी. प्रत्येकाला एक-दोन पानं. जन्म-शिक्षण-नोकरी शेवटच्या तक्त्यात आहेच.

विशेषण आलं की थांबा आणि विचारा, हे कशावरून? ‘शिस्तप्रिय’ खोडा, ‘संध्याकाळी सहाला बाक झाडून भुसा पोत्यात भरायचे, पाहुणे बसलेले असले तरी’ लिहा. ‘नातवंडांवर जीव’ खोडा, नातवाच्या उंचीची खूण दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला कोरलेली होती, ते लिहा आणि चौकटीचा फोटो लावा. रागीट होते तर तेही लिहा. दारू, कर्ज, जमिनीचे वाद यांबाबत मात्र आजीचा शब्द अखेरचा माना.

८. तीन माणसांकडून तपासून घ्या

एक फौजी, रँक आणि पदकांसाठी. एक सुतार, हत्यारं आणि लाकडासाठी. आणि आजी, किंवा घरातलं सगळ्यात जुनं माणूस. आजीला हातात कागद देऊ नका, वाचून दाखवा.

आर्मी नंबर, पीपीओ नंबर, बँक खातं, आधार यांतलं काहीही छापायचं नाही. डिस्चार्ज बुकच्या पानाचा फोटो वापरत असाल तर हे आकडे झाका. पदकाच्या कडेचा फोटोही या नजरेने पाहा, नंबर तिथेही असतो.

९. छपाई आणि वाटप

मधोमध पिना मारलेली पुस्तिका चारच्या पटीत बसते: १६, २४ किंवा ३२ पानं. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, वाचणारे बहुतेक सत्तरीतले असतात. फोटोंसाठी चकचकीत कागदापेक्षा मॅट बरा, ट्यूबलाइटखाली चमकत नाही.

मुखपृष्ठावर मजकुरामागे तिरंगा पसरवू नका, कार्यक्रमात फोटोच्या टेबलावर झेंडा अंथरू नका. राष्ट्रध्वजाचा असा वापर ध्वजसंहितेत बसत नाही, आणि फौजी पाहुण्यांना तो खटकतो. रेजिमेंटचं चिन्ह लावायचं असेल तर आबाजींच्याच रेजिमेंटचं आहे ना, हे आठव्या टप्प्यातल्या फौजी माणसाकडून पक्कं करून घ्या.

स्कॅन आणि रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. फायलीच्या नावात आधी साल, मग जागा, मग काय आहे ते.

वर्षश्राद्धाला पुस्तिका वाटली की जेवणाच्या पंगतीतच दुरुस्त्या सुरू होतील. ‘हे साल चुकलं’, ‘तो झोपाळा आमच्याकडे आहे’, ‘या फोटोत डावीकडे आमचे बाबा आहेत’. त्यासाठी एक प्रत मोठ्या समासाची, पेन्सिल बांधून, दाराशी ठेवा. सांगणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहावं, खाली नाव आणि तारीख घालावी. दुसरी आवृत्ती त्या प्रतीवरून करायची.